कॉलरच्या आतलं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नाताळचा आठवडा सुरू झाला, की मला आमच्या पनवेलच्या दुकानातली दिवाळी आठवते. ऐकायला जरा विचित्र वाटेल. बोलणारा मुसलमान, सण नाताळचा आणि आठवण दिवाळीची! पण या तिघांना जोडणारी एक गोष्ट आहे. सिनेमासाठी म्हणून लिहून घेतलेली सणाची गाणी. आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

माझे अब्बा शिंपी होते. पनवेलच्या बाजारात आमचं अगदी लहान दुकान होतं. दोन शिलाई मशिनं, कापड बेतायला एक लांब टेबल, भिंतीला आरसा आणि फळीवर रेडिओ. दसरा झाला, की दुकानात पाय ठेवायला जागा उरत नसे. ईदच्या कपड्यांची गर्दी व्हायची, नाही असं नाही. पण आमचा खरा हंगाम दिवाळीचा. ‘मास्टर, धनत्रयोदशीच्या आत हवेत हं,’ असं प्रत्येक गिऱ्हाईक बजावून जाई आणि अब्बा प्रत्येकाला ‘मिळतील’ म्हणत. मग नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री दुकानाचं दार अर्धं ओढून पहाटेपर्यंत मशिनं चालत. मी काजं-बटणांच्या कामाला. बाहेर फटाके वाजू लागत तेव्हा आत शेवटच्या शर्टावर इस्त्री फिरत असे. तो शर्ट उजाडायच्या आत पोचवायचं काम माझं. ज्या घरी जाई तिथे दारात रांगोळी, आत उटण्याचा वास आणि काकू हातावर करंजी ठेवत. सणाच्या दिवशी आमच्या वाट्याला एवढंच येई. पण त्याआधीचा महिनाभर दिवाळी आमच्याच दुकानात मुक्कामाला असे.

अब्बा प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत एक बोटभर लांबीचं लेबल शिवत. त्यावर दुकानाचं नाव. शर्ट घालणाऱ्याला ते दिसत नसे, पाहणाऱ्यालाही नाही. मी एकदा विचारलं, ‘मग लावायचं कशाला?’ अब्बा म्हणाले, ‘शिवण उसवली तर कोणाकडे न्यायचं ते कळायला नको?’

त्याच फळीवरच्या रेडिओवर एका दिवाळीच्या पहाटे मी पहिल्यांदा ‘आली माझ्या घरी ही दिवाळी’ हे गाणं ऐकलं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. डबा घेऊन आलेल्या अम्मीने विचारलं, ‘कोणाच्या घरी आली म्हणते ही?’ अब्बांनी मशीन न थांबवता उत्तर दिलं, ‘कोणाच्याही येऊ दे, कपडे इथूनच जाणार आहेत.’

हे गाणं ‘अष्टविनायक’ या चित्रपटातलं. सन १९७९. निर्माते शरद पिळगावकर, दिग्दर्शक राजदत्त; पडद्यावर सचिन आणि वंदना पंडित; आणि साक्षात पंडित वसंतराव देशपांडे भूमिका करायला उभे. आमच्या भागात या चित्रपटाचं जरा जास्तच अप्रूप होतं, कारण आठ विनायकांपैकी दोन आमच्याच जिल्ह्यातले, महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड ते १९८१ साली झालं.

या चित्रपटाची एक गंमत बघा. त्यात गीतकार चार. ‘प्रथम तुला वंदितो’ शांताराम नांदगावकरांचं, अष्टविनायकांचा महिमा सांगणारं लांबलचक गाणं जगदीश खेबूडकरांचं, ‘दाटून कंठ येतो’ शान्ता शेळके यांचं आणि दिवाळीचं गाणं मधुसूदन कालेलकरांचं. संगीत सगळ्यांना एकाच जोडीचं, अनिल-अरुण यांचं. म्हणजे अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल. आज गणपतीत मांडवातून यातली दोन गाणी लागतात, मुलीच्या पाठवणीला तिसरं लागतं आणि दिवाळीला चौथं. चित्रपट किती जणांनी थेटरात पाहिला असेल ते असेल, पण मराठी घराच्या वर्षभराच्या कॅलेंडरात त्याने तीन जागा कायमच्या धरून ठेवल्या आहेत.

सिनेमातल्या गाण्याचं आयुष्य साधारणपणे सिनेमाएवढंच असतं. पोस्टर उतरलं, की गाणंही हळूहळू मागे पडतं. सणाच्या गाण्याचं तसं नसतं. ते वर्षभर कपाटात घडी घालून ठेवलेलं असतं आणि सण आला, की बाहेर निघतं. मात्र हे भाग्य सणावर लिहिलेल्या प्रत्येक गाण्याला मिळत नाही. दिवाळीवर गाणी कमी का लिहिली गेली? मग हेच का टिकलं?

मी कवी आहे, त्याआधी शिंप्याचा मुलगा आहे, म्हणून माझं उत्तर शिंप्याचं आहे. सिनेमातलं गाणं मापावर शिवलेलं असतं. दिग्दर्शक प्रसंग सांगतो, नायिका कोण, घर कसं, आज तिच्या मनात काय आहे. संगीतकाराची चाल बहुधा आधीच तयार असते. तिची लांबी-रुंदी ठरलेली. कवीने त्यात शब्द बसवायचे. कालेलकरांनी हे गाणं एका चित्रपटातल्या एका सुखी सुनेच्या मापाने बेतलं. पण त्यात त्या सुनेचं नाव नाही, कथेचा धागा नाही. आहे तो फक्त ‘माझ्या घरी’ हा शब्द. म्हणून खोलीत राहणारी बाईदेखील ते म्हणू शकते आणि बंगल्यातलीही. एकाच्या मापाने शिवलेला कपडा सगळ्यांना बसावा, हे कारागिरातलं अवघड काम. अनुराधा पौडवाल यांच्या आवाजात तर त्यात मिरवणं नाहीच, नुसता आनंद आहे.

मधुसूदन कालेलकर मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांचं नाव मोठं झालं ते नाटककार आणि पटकथा-संवादलेखक म्हणून. गाणी त्यांनी त्या मानाने थोडी लिहिली. पण ‘निंबोणीच्या झाडामागे’ हे अंगाईगीतही त्यांचंच. १९७७ सालच्या ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या चित्रपटातलं, एन. दत्तांचं संगीत आणि सुमन कल्याणपूरांचा आवाज. किती आयांना हे ठाऊक आहे? ही अंगाई आजीच्या आजीपासून चालत आली आहे, असं शपथेवर सांगणारी माणसं मला भेटली आहेत. एकाच माणसाने महाराष्ट्राला निजवलं आणि दिवाळीला उठवलं, आणि आज दोन्ही वेळेला त्याचं नाव कोणाच्या तोंडी नसतं.

नाव कुठे कळायचं? रेडिओवर. निवेदक गाण्याआधी किंवा गाण्यानंतर सांगायचे, चित्रपट अमुक, गीतकार अमुक, संगीतकार अमुक, आणि गाणारा आवाज अमुक. विविध भारती १९५७ साली सुरू झाली. तिथे आणि आमच्या मुंबई केंद्रावर ही शिस्त होती. मला कवींची पहिली ओळख शाळेच्या पुस्तकातून नाही झाली, बटणं लावता लावता या निवेदनांतून झाली. आणि तिथेच एक दिवस माझ्या लक्षात एक गोष्ट आली.

होळी होती. रेडिओवर ‘मदर इंडिया’तलं ‘होली आई रे कन्हाई’ लागलं. निवेदिकेने नावं सांगितली. गीतकार शकील बदायुनी, संगीतकार नौशाद, गायिका शमशाद बेगम. अब्बांनी सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं, ‘आणि पिक्चर मेहबूब खानचं.’ बस्स, पुढे काही नाही. १९५७ सालचा चित्रपट. कृष्णकन्हैयाला होळी खेळायला बोलावणारं गाणं, आणि ते लिहिणारा, चाल लावणारा, गाणारी आणि पडद्यावर आणणारा अशी चारही माणसं मुसलमान. गल्लीत याच गाण्यावर रंग उडत होता. यात काही वेगळं आहे असं तिथे कोणाला वाटत नव्हतं. मलाही तोवर वाटलं नव्हतं.

मग मला नावं ऐकायचा नादच लागला. गोपाळकाल्याला आमच्या पनवेलच्या नाक्यानाक्यावर ‘गोविंदा आला रे’ वाजायचं. १९६३ सालचा ‘ब्लफ मास्टर’. मनमोहन देसाईंचं दिग्दर्शन, राजेंद्र कृष्ण यांचे शब्द, कल्याणजी-आनंदजींची चाल. पडद्यावर शम्मी कपूर थरावर चढतो आणि आवाज असतो मोहम्मद रफींचा. पंजाबातल्या कोटला सुलतानसिंग गावात जन्मलेला हा माणूस. महाराष्ट्रातला गोविंदा त्यांच्या आवाजाशिवाय आजही वरच्या थरावर चढत नाही.

आता नाताळाकडे येतो. हिंदी सिनेमात नाताळची गाणी मोजकीच. १९७४ सालच्या ‘शानदार’मध्ये किशोरकुमार सांताक्लॉज येत असल्याची वर्दी देतात. आणि दुसऱ्याच वर्षी, १९७५ साली, ‘जख्मी’ आला. या ‘जख्मी’जवळ मला जरा थांबायचं आहे. त्यात ‘जिंगल बेल’चा पुकारा करत मुलांना चंद्रावर न्यायला निघालेलं एक नाताळगीत आहे, ‘आओ तुम्हें चांद पे ले जायें’. आवाज लता मंगेशकरांचा आणि सोबत तेव्हाची बालगायिका सुषमा श्रेष्ठ हिचा. पडद्यावर आशा पारेख. डिसेंबर आला, की अजूनही हे गाणं कुठे ना कुठे कानावर येतं.

हे गाणं कोणी घडवलं? निर्माते ताहिर हुसेन. दिग्दर्शक आपले राजा ठाकूर, ‘मुंबईचा जावई’वाले. संगीत बावीस वर्षांच्या बप्पी लाहिरींचं; पुढे ज्यांच्या डिस्कोने आणि सोन्याच्या साखळ्यांनी सारा देश भारून गेला तेच बप्पीदा. त्यांचं नाव सर्वदूर झालं ते याच चित्रपटापासून. आणि शब्द गौहर कानपुरींचे. म्हणजे मुसलमान निर्मात्याच्या पैशाने, मराठी दिग्दर्शकाने सांगितलेल्या प्रसंगावर, बंगाली संगीतकाराच्या चालीवर, एका कानपुरी शायराने येशूच्या वाढदिवसाचं गाणं लिहिलं. आणि याच चित्रपटात होळीचंही एक गाणं आहे, किशोरकुमारांच्या आवाजातलं, सूडाने पेटलेलं. तेही गौहर कानपुरींचंच. एकाच लेखणीने एका सिनेमात होळीही लिहिली आणि नाताळही. शिंप्याच्या दुकानात नाही का, एकाच टेबलावर एका दिवशी धोतराला किनार लागते आणि दुसऱ्या दिवशी शेरवानी बेतली जाते?

‘जिंगल बेल्स’चंही मूळ गमतीचं आहे. जेम्स पिअरपॉन्ट नावाच्या अमेरिकन माणसाने १८५७ साली हे गाणं प्रसिद्ध केलं तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, आणि त्यात नाताळाचा उल्लेख नव्हता, आजही नाही. बर्फावरून एका घोड्याच्या गाडीतून भरधाव जाण्याची ती मौज आहे. लोकांनी ते नाताळाला गायला घेतलं आणि ते नाताळाचं झालं. कोणतं गाणं कोणत्या सणाचं, याचा निकाल शेवटी गाणारे देतात.

पण सिनेमासाठी लिहिलेल्या नाताळगीताची सगळ्यांत मोठी गोष्ट अमेरिकेतलीच आहे, आणि ती सांगताना मला पुन्हा पनवेलची आठवण होते.

पनवेलकरांना ज्यू माणूस परका नाही. कोकण किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिलेले बेने इस्रायली आमच्या गावात होते. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. बायबलमधल्या कथांवर त्यांनी मराठी कीर्तनं रचली. पनवेलमधलं त्यांचं प्रार्थनास्थळ १८४९ सालचं. ही मंडळी आपल्या प्रार्थनास्थळाला मराठीत ‘मशीद’च म्हणायची, याचं मला लहानपणी फार नवल वाटे.

अशाच एका प्रार्थनास्थळात गाणारे एक गृहस्थ रशियन साम्राज्यात होते. ज्यूंवर हल्ले सुरू झाले तेव्हा ते कुटुंब घेऊन न्यूयॉर्कला गेले. साल १८९३. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. मुलगा तेरा वर्षांचा असताना वडील वारले. पोरगा रस्त्यावर आणि खानावळीत गाणी म्हणून पोट भरू लागला. हाच पुढे आयर्व्हिंग बर्लिन म्हणून अमेरिकेचा सर्वांत लोकप्रिय गीतकार झाला. त्याला नोटेशन लिहिता-वाचता येत नव्हतं. पियानोच्या बहुतेक काळ्याच पट्ट्या तो वाजवायचा आणि सूर बदलायला खास खटका बसवलेला पियानो वापरायचा. चाल सुचली, की मदतनीस ती उतरवून घ्यायचा.

१९४२ साली ‘हॉलिडे इन’ नावाचा चित्रपट आला. केवळ सणांच्या दिवशी उघडणाऱ्या एका विश्रामगृहाची गोष्ट, आणि वर्षातल्या प्रत्येक सणाला एक गाणं. सगळी गाणी बर्लिनची. त्यातलं नाताळाचं गाणं म्हणजे ‘व्हाइट ख्रिसमस’. गाणारा बिंग क्रॉस्बी, त्या काळातला रेडिओचा आणि पडद्याचा लाडका तारा. गाण्यात आहे काय? ना येशू, ना मेरी, ना गोठा. लहानपणी पाहिलेल्या बर्फातल्या नाताळाची एक आठवण, एवढंच. मूळ गाण्याला एक प्रस्तावनाही होती. तिच्यात माणूस कॅलिफोर्नियाच्या उन्हात, संत्र्याच्या आणि ताडाच्या झाडांमध्ये बसलेला आहे आणि त्याला उत्तरेकडचा बर्फ आठवतो आहे. नंतर ती गाळली गेली.

क्रॉस्बीने हे गाणं चित्रपट येण्याआधीच रेडिओवर गायलं, १९४१ च्या नाताळच्या दिवशी. त्याआधी तीनच आठवडे पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात उतरली होती. पुढच्या नाताळापर्यंत लाखो तरुण घरापासून दूर, पॅसिफिकमधल्या दमट बेटांवर होते. तिथून सैनिकांच्या रेडिओकडे या गाण्याची मागणी सुरू झाली. जिथे बर्फ कधीच पडत नाही तिथे बसून ते बर्फाचं गाणं ऐकत होते. त्यांना बर्फ नको होता, घर हवं होतं. चित्रपटासाठी मापावर शिवलेलं गाणं एका अख्ख्या पिढीला बसलं. त्याला ऑस्करही मिळालं, आणि गंमत म्हणजे त्या वर्षी गाण्याचं पाकीट उघडून नाव वाचायला मंचावर स्वतः बर्लिनच होता. क्रॉस्बीची मूळ ध्वनिमुद्रिका इतक्या वेळा छापली गेली, की साचा झिजला आणि १९४७ साली गाणं पुन्हा गाऊन घ्यावं लागलं. तिच्या पाच कोटी प्रती खपल्याचा अंदाज सांगतात.

या गाण्यामागे आणखी एक गोष्ट आहे. बर्लिन ज्यू, त्याची पत्नी कॅथलिक. १९२८ च्या नाताळात त्यांचा तीन आठवड्यांचा मुलगा वारला. पुढे दर नाताळाला हे जोडपं त्याच्या थडग्यापाशी जायचं. सारी अमेरिका ज्या दिवशी त्याचं गाणं म्हणत होती, तो दिवस त्याच्या घरात असा होता. हे कळल्यापासून मला त्या गाण्यातली उदासी वेगळी ऐकू येते. सण दुसऱ्याचा असला, तरी गाण्यात घातलेलं दुःख आपलंच असतं. त्याशिवाय गाणं उभं राहत नाही.

मराठीला यातलं काही नवं नाही. येशूच्या जन्माची कथा मराठी ओव्यांत पहिल्यांदा सविस्तर सांगितली ती इंग्लंडहून गोव्याला आलेल्या फादर स्टीफन्सने. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद वारकऱ्यांना आपले वाटतात. पेशवाईतला सगनभाऊ जातीने मुसलमान शिकलगार आणि लावणीचा शाहीर. पण या जुन्या मंडळींची एक सोय होती, जी कालेलकरांना, शकीलना किंवा गौहर कानपुरींना नव्हती. ती म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या शेवटच्या चरणात शेख महंमद आपलं नाव घालतात, लावणीच्या शेवटी सगनभाऊ घालतो, गझलेच्या मक्त्यात शायर घालतो. कॉलरच्या आतलं लेबल ते! गाणाऱ्याला कवीचं नाव घेतल्याशिवाय गाणं संपवताच येत नाही. सिनेमाच्या गाण्यात मात्र नावाला जागा नाही. तिथे ते लेबल वेगळं असतं, आणि रेडिओचा निवेदक ते प्रत्येक वेळी हाताने लावायचा. आज मोबाइलवर गाणं लावलं, की गायकाचं नाव चटकन दिसतं. कवीचं बहुधा शोधावं लागतं.

मित्रहो, हे सगळं मी आज का सांगतो आहे? काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावातल्या मंडळींनी दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमासाठी माझ्याकडे गाणं मागितलं. नवीन हवं, आपल्या भागातलं हवं, म्हणाले. मी लिहिलं. रात्रभर मशिनं चालवून पहाटे विझत जाणाऱ्या दिव्यांकडे बघणाऱ्या एका कारागिराचं ते गाणं होतं. अब्बांचं, म्हणा ना. एका गुणी मुलीने ते सुंदर गायलं. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. हातात कार्यक्रमाची पत्रिका होती. इतर गाण्यांपुढे गीतकारांची नावं होती. माझ्या गाण्यापुढे छापलं होतं, ‘पारंपरिक’.

कार्यक्रम संपल्यावर मी संयोजकांना विचारलं. ते ओशाळले. म्हणाले, ‘सर, गैरसमज करून घेऊ नका. हल्लीचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. उगाच कोणी काही बोललं असतं तर तुम्हालाच त्रास. तुमच्याच काळजीने केलं.’ माणूस वाईट नव्हता. त्याने मला चहा पाजला, फराळाचा डबा घरी दिला. मी काही बोललो नाही. घरी आलो तर आमच्याकडच्या एका बुजुर्गांच्या कानावर ती बातमी गेलेली. त्यांनी विचारलं, ‘त्यांच्या सणाची गाणी तू कशाला लिहितोस?’ त्यांना मात्र मी उत्तर दिलं. म्हटलं, ‘अब्बांनी आयुष्यभर दिवाळीचे शर्ट शिवले, तेव्हा तुम्ही हे विचारलं नाहीत.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मनाची समजूत घालू पाहिली. म्हटलं, कवीला यापेक्षा मोठा मान कोणता? आपलं गाणं आपल्या डोळ्यांदेखत पारंपरिक झालं! कालेलकरांच्या अंगाईला त्यासाठी कितीतरी वर्षं लागली, माझ्या गाण्याला एक तासही लागला नाही. पण समजूत पटेना. आणि का पटत नाही, हे मला हळूहळू कळलं.

नाव दोन तऱ्हांनी जातं. एक, वापरून वापरून. कपडा इतक्या वेळा धुतला जातो, की लेबलावरची अक्षरं उडतात. ‘निंबोणीच्या झाडामागे’चं असं झालं. तिथे नाव गेलं कारण गाणं लोकांनी फार जवळ घेतलं. त्याचं दुःख वाटू नये. दुसरी तऱ्हा म्हणजे कपडा द्यायच्या आधीच कोणीतरी कातरीने लेबल काढून घेतो, गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. दोन्हीकडे कॉलर रिकामीच दिसते, पण पहिल्या ठिकाणी प्रेम असतं आणि दुसऱ्या ठिकाणी भीती. १९५७ साली शकील बदायुनींचं नाव होळीच्या गाण्याबरोबर रेडिओवरून घेतलं जात होतं आणि रंग खेळणाऱ्यांचा हात थबकत नव्हता. त्या काळी सगळं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही. फाळणीला दहाच वर्षं झाली होती, जखमा ओल्या होत्या. तरीही नाव घेतलं जात होतं, एवढं खरं.

हा प्रश्न मी फक्त समोरच्याला विचारत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या ईदच्या कार्यक्रमात उद्या एखाद्या हिंदू कवीने लिहिलेलं गाणं म्हटलं, तर आम्ही त्याचं नाव माइकवरून मोठ्याने सांगू का? सांगायला हवं. ते आम्ही सांगितलं, तरच मला पत्रिकेवरच्या त्या ‘पारंपरिक’ शब्दाबद्दल तक्रार करायचा अधिकार राहील.

त्यानंतर मी एक नियम केला आहे. गाणं कोणीही मागावं, कोणत्याही सणासाठी मागावं, मी लिहून देईन. मोबदला नाही दिला तरी चालेल. पण शेवटच्या कडव्यात मी माझं नाव ओवतो, जुन्या शाहिरांसारखं. ज्याला ते गाळायचं असेल त्याला यमक मोडावं लागेल. मागच्या वर्षी एका मंडळाने असं गाणं नावासकट म्हटलं. काही झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चिवडा खाल्ला.

अब्बांचं दुकान आता नाही. त्या बाजारात आता तयार कपडे मिळतात. घरात एका बिस्किटांच्या डब्यात न लावलेली पन्नासेक लेबलं तेवढी शिल्लक आहेत.

तेव्हा एक विनंती करतो आणि थांबतो. या आठवड्यात कुठे ‘आओ तुम्हें चांद पे ले जायें’ कानावर आलं, तर जवळच्या मुलांना सांगा, हे गौहर कानपुरींनी लिहिलं. ‘व्हाइट ख्रिसमस’ लागलं, तर बर्लिनचं नाव घ्या. होळीला शकीलचं घ्या. आणि पुढच्या दिवाळीच्या पहाटे, उटणं लावता लावता ते गाणं लागेल तेव्हा एकदा मोठ्याने म्हणा, मधुसूदन कालेलकर.